मूल घेऊन दूर जायचंय? कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशन-मध्यस्थी सेवेचं परीक्षण

विभक्त आईवडिलांपैकी एकाला नोकरीसाठी, दुसऱ्या लग्नामुळे किंवा माहेरच्या आधारासाठी मूल घेऊन लांब जायचं असतं आणि दुसऱ्याचा जीव त्या मुलात अडकलेला असतो. महाराष्ट्रात अशा वेळी तीन वाटा असतात. वकील लावून थेट लढणं ही एक. तासाप्रमाणे फी घेणाऱ्या खासगी मध्यस्थाकडे जाणं ही दुसरी. कौटुंबिक न्यायालयातच मिळणारं समुपदेशन आणि मध्यस्थी ही तिसरी. हे परीक्षण तिसऱ्या वाटेचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो: सेवा चांगली आहे आणि बहुतेकांनी आधी तिथेच जावं. पण रिकाम्या हाताने गेलेल्याला तिथे फारसं काही मिळत नाही. मागे राहणाऱ्या पालकाचं मुलाशी नातं कसं टिकेल याचा तारीखवार, तासवार, रुपयांसकट आराखडा घेऊन जाणाऱ्याला तिथे मार्ग निघतो. नुसतं ऑफर लेटर घेऊन गेलेल्याला तारखांमागून तारखा पडत राहतात. हा आराखडा समुपदेशक करून देत नाहीत, मध्यस्थही देत नाहीत. तो तुम्हालाच करावा लागतो, म्हणून या परीक्षणातला मोठा भाग त्यासाठीच ठेवला आहे.

सेवा काय आणि खर्च किती

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, म्हणून वांद्रे, पुणे, नागपूर अशा न्यायालयांत विवाह समुपदेशक नेमलेले असतात. त्यांची फी नाही. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रातल्या मध्यस्थालाही पक्षकारांनी पैसे द्यायचे नसतात. कलम १३ प्रमाणे इथे वकील हक्काने उभा करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. मात्र समुपदेशकाच्या खोलीत बोलायचं ते तुम्हालाच. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० ही हेल्पलाइन आहे. सुनावणी बंद दाराआड व्हावी असं दोघांपैकी एकाने जरी म्हटलं, तरी कलम ११ नुसार ती तशी घ्यावी लागते. शाळा, शेजार आणि नातेवाईक यांच्यापासून मुलाचं नाव दूर ठेवायचं असेल तर हे पहिल्याच तारखेला मागा.

मुलाच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज आपल्याकडे ‘डी पिटिशन’ म्हणून दाखल होतो. घटस्फोटाचा दावा चालूच असेल तर वेगळी पिटिशन करायची गरज नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली किंवा विशेष विवाह कायद्याच्या कलम ३८ खाली त्याच दाव्यात अंतरिम अर्ज देता येतो. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन गेला असेल तर जुन्या संमतीच्या अटी (दोघांच्या सह्यांचा, न्यायालयाने मान्य केलेला समझोता) बदलून मागायच्या. पालक व पाल्य कायदा १८९० चा असून तो सर्व धर्मांना लागू आहे. त्याच्या कलम ९ मुळे अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम २६. म्हणजे प्रश्न फक्त परदेशाचा नाही. पुण्याहून बंगळूरूला जातानाही, तुमच्या आदेशात काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं.

समुपदेशकाची खोली आणि मध्यस्थाची खोली

बहुतेक लोक या दोन खोल्या एकच समजतात आणि तिथेच फसतात. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं. तोडगा निघाला नाही तर मध्यस्थ न्यायाधीशांना एवढंच कळवतो की समझोता झाला नाही. समुपदेशकाचं काम मात्र दोन प्रकारचं असतं. नवरा-बायकोत तडजोड घडवणं हे एक. मुलाशी बोलून त्याच्याबद्दल न्यायालयाला अहवाल देणं हे दुसरं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, ताब्याच्या वादात मुलाशी बोलून तयार झालेला समुपदेशकाचा अहवाल मध्यस्थीच्या गोपनीयतेच्या पडद्याआड जात नाही. न्यायालय मुलाचं हित पाहत असताना तो वाचू शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: मुलाला पढवून नेऊ नका. ‘मला बाबा नकोत, मला सिंगापूरला जायचंय’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून एका दमात आलं की अनुभवी समुपदेशकाच्या ते लगेच ध्यानात येतं आणि अहवालात तसं उतरतं. मूल समंजस वयाचं असेल तर कायदा त्याची इच्छा विचारात घेतो, पण ती निर्णायक धरत नाही. मुलाला आधी सांगायचं तर इतकंच सांगा की, एक ताई किंवा दादा तुझ्याशी गप्पा मारतील, जे वाटेल ते बोल, उत्तर चुकत नाही.

या भागाबद्दल तक्रारही आहे. समुपदेशकांकडे एका दिवशी बरीच प्रकरणं असतात आणि पहिली भेट बऱ्याचदा तुमचं भांडण ऐकण्यातच संपते. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या भेटीला एका पानाची टिपणी नेणं: मुलाचं वय आणि इयत्ता, सध्या भेटी कशा चालू आहेत, कुठे आणि किती काळासाठी जायचं आहे, दुसऱ्या पालकासाठी तुम्ही काय देऊ करता. जुनी भांडणं त्या पानावर आणू नका.

अर्ज केव्हा करायचा

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे बिघडतात. ऑफर येते, व्हिसा होतो, घर सोडण्याची नोटीस दिली जाते, शाळेत दाखला मागितला जातो आणि मग जाण्याच्या महिनाभर आधी अर्ज पडतो. समोरच्याला ‘से’ (लेखी उत्तर) दाखल करायला वेळ द्यावाच लागतो, त्यानंतर समुपदेशन, त्यानंतर मध्यस्थी. कंपनीची रुजू होण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही. शिवाय न्यायाधीशांच्या मनावर ठसा उमटतो की निर्णय आधीच झाला होता, परवानगी केवळ उपचार म्हणून मागितली जातेय.

ऑफर लेटर हातात पडल्यावर त्याच आठवड्यात दुसऱ्या पालकाला लेखी कळवा आणि लगोलग अर्ज करा. कंपनीकडून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याची शक्यता लेखी मागून ठेवा, तो कागद अर्जाला जोडता येतो. व्हिसाची खटपट गुपचूप करू नका. समोरच्याने आधीच कॅव्हेट (‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ अशी न्यायालयाला दिलेली सूचना) दाखल केलेलं असू शकतं. ते ९० दिवस चालतं आणि त्या काळात त्याला न ऐकता आदेश मिळत नाही.

परवानगी न घेता निघून जाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मग समोरचा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (मुलाला न्यायालयासमोर हजर करा, अशी मागणी) करतो आणि तुम्ही तिथे चांगल्या पालकाच्या जागी नाही, मूल पळवणाऱ्याच्या जागी उभे राहता. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल मूळ देशात परत पाठवण्यासाठीच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय बालअपहरणविषयक हेग कराराचा भारत सदस्य नाही, म्हणून ‘एकदा गेलं की कोण काय करणार’ असं सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांचं ऐकू नका. ज्या देशात जाल तो बऱ्याचदा सदस्य असतो आणि तिथली न्यायालयं मुलाची स्थिती स्वतंत्रपणे पाहतातच.

आराखडा

न्यायालयं मूल घेऊन जायला परवानगी देतात, हे आता पुरेसं स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला मूल घेऊन सिंगापूरला जाऊ दिलं, वडील भारतात असताना. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला नोकरीसाठी जायला परवानगी दिली आणि मूल की करिअर अशी निवड आईवर लादता येणार नाही, अशी भूमिका घेतली. दोन्ही ठिकाणी वडिलांच्या भेटी आणि व्हिडिओ कॉल ठरवूनच परवानगी मिळाली. जानेवारी २०२० च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीचा हक्क आणि संपर्काचा हक्क वेगळे सांगितले: पालक वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर मुलाशी रोज पाचदहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, शक्य तर व्हिडिओवर.

म्हणून आराखड्याची सुरुवात कॉलपासून करा आणि ‘दररोज व्हिडिओ कॉल’ एवढ्यावर सोडू नका. वेळ लिहा, आणि ती कुठल्या देशाची तेही लिहा. पोलंड उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. न्यू जर्सी साडेनऊ आणि साडेदहा. सिंगापूर बारा महिने अडीच तास पुढे, दुबई दीड तास मागे. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आदेशात फक्त भारतीय वेळ लिहिली तर वर्षातून दोनदा मुलाचा कॉल त्याच्या शाळेत किंवा झोपेत घुसतो आणि ‘मुद्दाम बोलू देत नाही’ म्हणून अवमानाचा अर्ज येतो. सोपा उपाय: वेळ मुलाच्या देशाची लिहायची. न्यू जर्सीत शाळेतून मूल तीनला सुटतं तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते. त्यामुळे तिथे आठवड्याभर शाळेआधीचे सकाळी साडेसात (आपले संध्याकाळचे पाच किंवा सहा) आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊ ही वेळ चालते. पोलंडमधून दुपारी तीनला केलेला कॉल इथे संध्याकाळी साडेसहाला किंवा साडेसातला पोचतो, अगदी सोयीचा. सिंगापूरची रात्री साडेआठ म्हणजे आपले सहा. कॉल चुकला तर भरपाई कधी, हेही एका ओळीत लिहा: पुढच्या ४८ तासांत, तेवढ्याच मिनिटांचा.

दुसरी गोष्ट सुट्ट्या. इथल्या संमतीच्या अटींचा ठरलेला मजकूर असतो: ‘अर्धी मे महिन्याची सुट्टी, अर्धी दिवाळीची सुट्टी.’ परदेशी जाणाऱ्यासाठी तो निरुपयोगी आहे. पोलंडमध्ये मे महिन्यात शाळा चालू असते, सुट्टी जुलै-ऑगस्टची, शिवाय हिवाळ्यात दोन आठवडे. न्यू जर्सीत जूनअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. सिंगापूरमध्ये जूनचे सुमारे चार आठवडे आणि नोव्हेंबर-डिसेंबरचे सुमारे सहा. जिथे जायचं त्या शाळेचं वार्षिक वेळापत्रक डाउनलोड करून अर्जाला जोडा आणि त्यावर खुणा करा. गणपती किंवा दिवाळी तिथल्या सुट्टीत बसत नसेल तर स्पष्ट कबूल करा आणि त्या दिवसांत मागे राहणारा पालक तिकडे येऊन आठवडाभर मुलाबरोबर राहू शकेल अशी सोय मांडा. प्रवासाचे दिवस भेटीत धरायचे की वगळायचे, तेही लिहा. लांबच्या उड्डाणात येण्याजाण्यात दोन दिवस जातात आणि नेमक्या त्यावरून भांडणं होतात.

तिसरी गोष्ट पैसा. तिकीट कोण काढणार, किती महिने आधी, कोणत्या वर्गाचं, रद्द झालं तर पैसे कोणाचे. बहुतेक विमान कंपन्या पाच वर्षांखालच्या मुलाला एकट्याने नेत नाहीत, त्याहून मोठ्यांसाठी वेगळी फी आणि अट असते. म्हणजे लहान मुलासाठी मोठ्या माणसाचंही परतीचं तिकीट खर्चात धरायला हवं. जो पालक पगारवाढीसाठी जातोय त्याने भारतभेटीची तिकिटं आपल्या अंगावर घेतली, तर मध्यस्थीत अर्धी लढाई तिथेच मिटते. पोटगी चालू असेल तर तिकिटाचा खर्च तिच्यातून वळता होणार की वेगळा, हे त्याच कागदावर ठरवा.

चौथी गोष्ट पुराव्यांची. करारपत्रात पगार आणि मुदत, मुलाचा व्हिसा कोणत्या प्रकारचा, शाळेचं प्रवेशपत्र किंवा निदान प्रवेशाच्या नियमांचं पान, आरोग्यविमा, राहण्याची जागा, तुम्ही कामावर असताना मुलाला कोण सांभाळणार. हा शेवटचा प्रश्न न्यायाधीश हमखास विचारतात. ‘आजी येणार आहे’ असं उत्तर असेल तर आजीच्या व्हिसाची मुदतही सांगावी लागते, कारण पर्यटक व्हिसावर आजी वर्षभर राहू शकत नाही.

इथल्या शाळेकडूनही अडचण येते. शाळा सोडल्याचा दाखला द्यायला काही शाळा दोन्ही पालकांच्या सह्या मागतात. संमतीच्या अटींमध्ये ‘दाखला काढण्यास हरकत नाही’ ही ओळ घातली की हा प्रश्न उरत नाही.

पासपोर्ट

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती असेल तर ॲनेक्श्चर डी (अर्जासोबतचा घोषणापत्राचा नमुना), एकाची संमती नसेल तर ॲनेक्श्चर सी. दोन्ही साध्या कागदावरची स्वयंघोषणा आहे, नोटरी लागत नाही. डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर अर्जात एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं. ॲनेक्श्चर सीमध्ये दावा चालू असल्याचं आणि न्यायालयाने पासपोर्टला मनाई केली नसल्याचं लिहावं लागतं. ते दडवलं तर पुढे पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि ताब्याच्या दाव्यातही ते तुमच्या विरोधात जातं. ३६ पानी पासपोर्टची फी १००० रुपये, तत्काळसाठी २००० रुपये जास्त.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोवरचा असतो. परदेशात तो संपला की तिथल्या भारतीय दूतावासात पुन्हा दोघांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. नूतनीकरणासाठी मागणी आल्यापासून ३० दिवसांत सही द्यायची, न दिल्यास हाच आदेश संमती समजावा, अशी ओळ मध्यस्थीतच घालून घ्या. ही ओळ संमतीच्या अटींत सर्रास राहून जाते.

मागे राहणाऱ्या पालकासाठी

सरसकट विरोध करण्यापेक्षा हमी मागणं अधिक फळतं. मुलाला ठरलेल्या तारखेला भारतात आणण्याचं हमीपत्र, रक्कम किंवा मालमत्तेची सुरक्षा, पत्ता आणि शाळा बदलल्यास सात दिवसांत कळवणं, शाळेचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे कागद थेट ईमेलवर, पालकसभेला ऑनलाइन हजर राहण्याची मुभा. आणि कायमच्या परवानगीऐवजी आधी एका शैक्षणिक वर्षाची परवानगी, नंतर फेरविचार. यातलं बहुतेक मध्यस्थीत सहज मिळतं, लढून मागितलं तर वर्ष जातं.

दुसऱ्या देशात आदेश पाळला जाईल का, हा मात्र खरा कच्चा दुवा आहे आणि न्यायालयाची सेवा इथे कमी पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा देशांशी परस्पर अंमलबजावणीची सोय आहे, पण ती पैशांच्या डिक्रीसाठी (रक्कम देण्याच्या हुकूमनाम्यासाठी). ताब्याचा आदेश आपोआप तिकडे लागू होत नाही, आणि अमेरिका त्या यादीतच नाही. त्यावर उपाय म्हणून ‘मिरर ऑर्डर’ मागतात: जिथे मूल जाणार तिथल्या न्यायालयाकडून तशाच अटींचा आदेश, प्रवासाआधी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला केनियाला पाठवताना अशी अट घातली होती. पुढे आदेश पाळले गेले नाहीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने ते मागे घेतले आणि सीबीआयकडे तपास सोपवला. म्हणून मिरर ऑर्डरचा कागद आला एवढ्यावर थांबू नका. तिथल्या वकिलाकडून लेखी विचारा की, हा आदेश ताब्याच्या बाबतीत तिथे खरंच अंमलात येतो का, आणि कोणत्या कायद्याखाली. त्या वकिलाची फी जाणाऱ्या पालकाने द्यावी, ही मागणी रास्त आहे.

मध्यस्थी फसली तर

मग अर्ज गुणदोषांवर चालतो. अंतरिम आदेशावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली अपील नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. अंतिम निकालावर अपील आहे. मध्यस्थी फसली तरी तिथे तयार केलेला आराखडा वाया जात नाही. समोरच्याने काय म्हटलं ते सांगता येत नाही, पण तुमचा स्वतःचा प्रस्ताव तुम्ही नव्याने शपथपत्रावर मांडू शकता.

गुण द्यायचे तर खर्चासाठी पाचपैकी पाच, मुलाशी वागण्याच्या पद्धतीसाठी चार, वेगासाठी दोन, परदेशातल्या अंमलबजावणीसाठी एक.

समझोता झाला की संमतीच्या अटींवर दोघांच्या सह्या घेऊन त्या न्यायाधीशांसमोर पडताळून आदेशात उतरवून घ्या. मध्यस्थापुढचा नुसता सह्यांचा कागद पासपोर्ट कार्यालय किंवा दूतावास मानेलच असं नाही. त्याच दिवशी नक्कल अर्ज करा आणि किमान चार प्रमाणित प्रती काढा: एक व्हिसासाठी, एक शाळेसाठी, एक अपोस्टिलसाठी (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारं प्रमाणीकरण), एक मागे राहणाऱ्या पालकाकडे. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतं. प्रमाणीकरणाला लागणारे दिवस प्रवासाच्या तारखेतून आधीच वजा करा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (तुमच्या दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) न्यायालयांच्या ईकोर्ट्स ॲपमध्ये टाकून ठेवला की आदेश अपलोड झाला का, हे न्यायालयात हेलपाटा न घालता कळतं.